दर सेकंदाला दोनशे किलो माती

फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल नावाचं रोमनकालीन शहर आहे. त्याच्या अंगाने रोन नदी वाहते आणि तिच्या पात्रातून दर सेकंदाला सरासरी १,७०० घनमीटर पाणी पुढे सरकतं. लिटरमध्ये सांगायचं तर सेकंदाला सतरा लाख लिटर. डिसेंबर २००३च्या महापुरात हा आकडा ११,००० घनमीटरच्या वर गेला होता. स्वित्झर्लंडची सहल करून आलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी ही नदी पाहिलेली असते, फक्त दुसऱ्या टोकाला: फुर्का घाटातल्या हिमनदीपाशी, नाहीतर जिनिव्हाच्या सरोवरात. उगमापासून ८१२ किलोमीटर वाहून ती भूमध्य समुद्राला मिळते. आर्लच्या जरा वर तिचे दोन फाटे होतात आणि त्या फाट्यांच्या आसपास पसरलेल्या त्रिभुज प्रदेशाला कामार्ग म्हणतात.

या पाण्यात गाळ किती असतो? आजच्या घडीला वर्षाला साधारण ६५ लाख टन. भागाकार केला की सेकंदाला दोनशे किलो येतात. आता तेच दोनशे किलो सतरा लाख लिटरांत वाटून पाहा. लिटरमागे ग्रॅमचा आठवा हिस्सासुद्धा हाती लागत नाही. ग्लासात घेतलं तर पाणी जरासं गढूळ दिसेल, इतकीच ही माती. एकोणिसाव्या शतकात, नदीवर धरणं नसताना, ती याच्या तिप्पट होती असं धरलं तरी लिटरमागचं प्रमाण नगण्यच राहतं. आणि तेवढ्यातूनच, समुद्राची पातळी स्थिरावल्यापासूनच्या सहा-सात हजार वर्षांत, नदीने सुमारे १,४५० चौरस किलोमीटर जमीन घडवली. तिचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून मीटर-दोन मीटरच्या वर जात नाही.

या जमिनीवर शतकानुशतकं काळी गुरं आणि पांढरे घोडे मोकळे चरत आले आहेत. त्यांच्या कळपाला आणि तो कळप जिथे पोसला जातो त्या ठिकाणाला मनाद म्हणतात. मालक तो मनादिए आणि घोड्यावरून गुरं राखणारा तो गार्दियाँ. कामार्ग आणि आसपासच्या पट्ट्यात अशा शंभराहून जास्त मनाद आहेत. फ्रेंच पर्यटन पत्रकांवर पाणी उडवत धावणारे पांढरे घोडे दिसतात ते इथले. चित्र खोटं नाही, पण ते पाहून जो समज होतो तो खोटा आहे. इथे काहीतरी आदिम, आपोआप चाललेलं जग उरलं आहे असं वाटतं. मनादवर उभं राहून आकडे मांडू लागलं की कळतं, इथली प्रत्येक गोष्ट हिशोबाने उभी आहे आणि तो हिशोब फार थोडक्या मापांवर तोललेला आहे.

जागेचंच घ्या. आर्लची नगरपालिका ७५९ चौरस किलोमीटरची, म्हणजे पॅरिसच्या सातपट. युरोपातल्या फ्रान्समध्ये क्षेत्रफळाने याहून मोठी नगरपालिका नाही. लोकवस्ती मात्र पन्नास हजारांच्या आसपास. तिच्या दक्षिणेला समुद्रकाठी साँत-मारी-द-ला-मेर हे गाव आहे. गावाची हद्द ३७५ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या निम्म्याहून जास्त, आणि माणसं दोन-सव्वादोन हजार. चौरस किलोमीटरला सहा माणसं. बाकीची जागा पाण्याची, मिठाची आणि जनावरांची.

पाणी आणि मीठ यांचं इथलं भांडण समजल्याशिवाय गुरांचं गणित कळत नाही. कोकणात आणि गोव्यात खाजणं पाहिलेल्यांना ते लवकर कळेल. कामार्गमध्ये वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. ऊन आणि मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा, जो कधीकधी ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो, हे दोघे मिळून वर्षाला १,३०० मिलिमीटरहून अधिक पाणी उडवून नेतात. दरसाल ७०० मिलिमीटरची तूट. मधोमध वाकारेस नावाचं ६५ चौरस किलोमीटरचं खारं तळं आहे, दोन मीटरही खोल नाही. एकट्या या तळ्यावर ती तूट मांडली तर वर्षाला साडेचार हजार कोटी लिटर होते. वरून पाणी कमी पडलं की खालून खारं पाणी वर चढतं आणि जमिनीवर पांढरा थर धरतो. त्या थरात जगणाऱ्या मांसल, खारट झुडपांवरच गुरं उन्हाळा काढतात.

मग ही जमीन खारावून कशी गेली नाही? याचं उत्तर भातात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्सने व्हिएतनाममधून सक्तीने कामगार आणले होते. त्यांतल्या काहींना कामार्गमध्ये भातशेती उभी करायला लावलं. त्यांच्या घामाची दखल घ्यायला फ्रान्सला कित्येक दशकं लागली, हे इथला भात खाताना लक्षात ठेवायला हवं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भाताखाली तीस हजार हेक्टरच्या आसपास जमीन होती. पुढे ती बरीच घटली. पण भाताच्या खाचरांसाठी रोनमधून पाणी उपसण्याची पद्धत टिकली. वर्षाला सुमारे चाळीस कोटी घनमीटर, म्हणजे चाळीस हजार कोटी लिटर गोडं पाणी पंपांनी या त्रिभुज प्रदेशात चढवलं जातं. हे पाणी मीठ खाली दाबतं, चर भरतं, बोरूची बेटं जगवतं, आणि त्यातून गुरांना हिरवं मिळतं. ज्याला आपण रान म्हणतो ते विजेच्या पंपावर तगलेलं आहे. नदीच्या वार्षिक प्रवाहाच्या मानाने हा उपसा एक टक्काही नाही.

आता कळप. कामार्गची गाय खांद्यापाशी सव्वा मीटरच्या आतबाहेर आणि वजनाला अडीचशे किलोच्या आसपास. बैल फार तर साडेचारशे किलो. फ्रान्समधल्याच शारोले जातीचा वळू हजार किलोच्या पुढे जातो, त्याच्यासमोर हा पोरगेलासा दिसेल. वशिंड नाही, अंग काळंभोर, शिंगं वीणेच्या आकारात वर वळलेली. वर्षभर उघड्यावर राहतो. गोठा नावाची गोष्ट त्याला माहीत नाही. १९९६मध्ये या गुरांच्या मांसाला फ्रान्सचं नियंत्रित मूळस्थानाचं प्रमाणपत्र मिळालं. गोमांसाला ते देशात पहिल्यांदाच मिळत होतं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. दर मोठ्या जनावरामागे निदान दीड हेक्टर चराई हवी. एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान किमान सहा महिने जनावर पाणथळ भागात चरलं पाहिजे आणि त्या काळात वरचा चारा घालायचा नाही.

दीड हेक्टर म्हणजे पावणेचार एकर. अडीचशे गुरांचा मध्यम कळप धरला तर ३७५ हेक्टर, सव्वानऊशे एकर लागले. आणि एवढ्या जमिनीवर पोसलेली गाय अडीचशे किलोची! धंदा म्हणून पाहिलं तर हा व्यवहार कुणीही करणार नाही. तरी बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतणीकडे मनाद चालत राहतात. कारण मांस हे त्यांचं मुख्य पीक नाही. ते कळप राखतात आखाड्यासाठी.

आखाड्यातला खेळ स्पेनच्या झुंजीसारखा नाही. इथे बैल मारला जात नाही. त्याच्या शिंगांच्या मधोमध लाल फीत, म्हणजे कोकार्द, बांधतात. शिंगांच्या बुडाशी लोकरीचे गोंडे आणि दोऱ्याचे वेढे असतात. पांढऱ्या कपड्यातले राझेतर बोटांत अडकवलेल्या लोखंडी पंजाने ते ओढायला धावतात. वेळ पंधरा मिनिटं. धावता धावता फळी ओलांडून कठड्यावर उडी मारायची, आणि बैल कधीकधी त्या फळीवरून मागोमाग येतो. खेळ चालू असतानाच ध्वनिक्षेपकावरून गावातल्या दुकानदारांची बक्षिसं पुकारली जातात, फीत जितका वेळ टिकेल तितका भाव चढतो. पंधरा मिनिटं संपली की बैल आत जातो आणि संध्याकाळी ट्रकमधून आपल्या कुरणात परततो. चांगला खेळला तर त्याच्या मानासाठी ‘कार्मेन’ची धून वाजवतात. भित्तिपत्रकावर बैलाचं नाव ठळक अक्षरांत असतं. ल साँग्लिए नावाचा एक बैल १९१६ साली जन्मला आणि १९३३ साली गेला. ल काइलार गावाच्या वेशीवर त्याची समाधी आहे, तिच्यावर आजही फुलं वाहिली जातात. बोकेर गावात चौकाचौकांत बैलांचे पुतळे आहेत. बैलगाडा शर्यतीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या महाराष्ट्राला या लोकांचं वेड समजावून सांगावं लागणार नाही. मात्र तिथल्या खेळाचं कौतुक करताना एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: तिथे बैलाला कुणी पळवत नाही, टोचत नाही. पळणं माणसाच्या वाट्याला असतं.

मनादवर पाहुण्यांना सहसा ट्रॅक्टरमागे जोडलेल्या गाडीतून कळपापर्यंत नेतात. गुरं गाडीला बुजत नाहीत, पायी माणसाला मात्र ती जवळ येऊ देत नाहीत. कळपात एक पाळलेला थोराड बैल असतो, गळ्यात मोठी घंटा. त्याला सिंबेऊ म्हणतात. गार्दियाँ त्याला हाक मारतो, तो चालू लागतो आणि घंटेच्या आवाजामागे अडीचशे गुरांचे हजार खूर चिखल तुडवत निघतात.

नशीब असेल तर फेराद पाहायला मिळते, म्हणजे वर्षभराच्या वासरांना डाग देण्याचा दिवस. हे काम जवळून पाहावं असं आहे. दोन स्वार कळपात शिरतात, ठरलेलं वासरू हेरतात आणि घोड्यांच्या मधे घेऊन सुसाट बाहेर काढतात. हातात चेस्टनटच्या लाकडाची लांब काठी, टोकाला अर्धचंद्रावर तीन दाते असलेलं लोखंड. स्वाराचं खोगीर मागेपुढे उंच असतं, जणू खुर्चीतच बसला आहे; रिकिबी समोरून पिंजऱ्यासारख्या बंद, म्हणजे पाय आत सरकून अडकायला नको. पायी उभी असलेली माणसं वासराची शिंगं आणि शेपूट धरून त्याला कुशीवर पाडतात. जाळावर लाल केलेलं लोखंड डाव्या मांडीवर टेकतं, केस जळल्याचा वास येतो, आणि मनादचं चिन्ह उमटतं. कानाला ठरलेल्या आकाराची खाच आधीच पाडलेली असते, त्या खाचेवरूनही कुणाचं जनावर ते दुरून ओळखतात. डाग देऊन होतो न होतो तोच सगळे बाजूला उड्या मारतात. वासरू उठतं, आधी माणसांच्या अंगावर जातं, मग आईकडे धाव घेतं. डाग बसायला लागतात काही सेकंद. ते चिन्ह त्या जनावराच्या अंगावर पंधरा-वीस वर्षं राहतं.

आणि घोडा. तो नसेल तर यातलं काहीच होणार नाही. कामार्गचा घोडा दीड मीटरच्या आत, छाती रुंद, खूर इतके टणक की सहसा नाल मारत नाहीत. गुडघाभर पाण्यात, चिखलात, बोरूत तो ज्या सहजतेने वळतो तसा दुसरा कुठला घोडा वळत नाही, असं गार्दियाँ सांगतात आणि त्यांचं काम पाहिल्यावर ते पटतं. जात अतिप्राचीन मानतात, पण सरकारी नोंद १९७८ची. १९५३ साली आल्बेर लामोरिस यांच्या ‘क्रँ ब्लाँ’ या लघुपटाने हा घोडा जगभर पोचवला.

या घोड्याचं शिंगरू जन्मतं काळं किंवा गडद तपकिरी. आईच्या पांढऱ्या कुशीला ते चिकटलेलं पाहून नवख्या माणसाला ते दुसऱ्याच जातीचं वाटतं. चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत ते हळूहळू पांढरं होत जातं. कातडी मात्र जन्मभर काळीच राहते. असं का होतं ते २००८ साली उलगडलं. घोड्याच्या जनुकीय आराखड्यात सुमारे २७० कोटी अक्षरं असतात. त्यांतल्या एका जनुकात ४,६०० अक्षरांचा एक तुकडा चुकून दोनदा लिहिला गेला आहे. बस, एवढंच. सगळ्या मजकुराचा हा सहा लाखांतला एक भाग. वयाबरोबर पांढरे होत जाणारे जगातले सगळे घोडे, मग ते अरबी असोत की कामार्गचे, हीच नक्कल अंगात घेऊन जन्मतात, म्हणजे फार पूर्वीच्या कुठल्यातरी एकाच पूर्वजाचे वारस आहेत. याची किंमतही आहे. अशा घोड्यांपैकी पंधरा वर्षांपुढच्या ७० ते ८० टक्क्यांना कातडीच्या गाठी होतात. छायाचित्रातला तो शुभ्र रंग फुकट मिळालेला नाही.

घोडे मोकळे सोडले तर काय होतं, याचाही हिशोब इथे झालेला आहे. ल्यूक हॉफमन या पक्षीअभ्यासकाने १९५४ साली वाकारेसच्या काठी तूर द्यु वाला ही संशोधन संस्था सुरू केली. हेच हॉफमन पुढे जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांपैकी एक झाले. त्यांच्या संस्थेने १९७०च्या दशकात सुमारे ३३० हेक्टरच्या कुरणात १४ घोडे सोडले आणि हात न लावता नुसतं पाहत राहायचं ठरवलं. १९८१पर्यंत ते नव्वदीच्या पुढे गेले. सुरुवातीला घोड्यामागे तेवीस-चोवीस हेक्टर होते, सात-आठ वर्षांत साडेतीनच्या आसपास उरले. या घोड्यांवर बसवलेली नजर रात्रीही हटली नाही. दिवसाच्या चोवीस तासांतले चौदा-पंधरा ते चरण्यात घालवतात, हे त्यातूनच कळलं. उन्हाळ्यात ते एकमेकांना खेटून उघड्या जागी का उभे राहतात तेही कळलं: घोळका जितका मोठा, तितक्या प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या रक्तपित्या माश्या कमी. मला वाटतं, या त्रिभुज प्रदेशात जगण्याचं इतकं नेमकं गणित माणसांनाही जमलेलं नाही.

माणसांपैकी एकाचं नाव मात्र घ्यायलाच हवं. फोल्को द बारोनसेल्ली, जन्म १८६९, मृत्यू १९४३. आव्हिन्यॉच्या सरदार घराण्यातला हा माणूस गुरं राखायला कामार्गमध्ये आला आणि तिथलाच झाला. जातिवंत काळ्या गुरांचा कळप त्याने नव्याने घडवला आणि १९०४ साली गार्दियाँ लोकांची संघटना बांधली. १९०५ साली बफेलो बिलची सर्कस फ्रान्समध्ये आली तेव्हा तिच्यातल्या लाकोटा आदिवासींशी त्याची गाठ पडली. हिरावल्या गेलेल्या भूमीचं दुःख त्याला त्यांच्यात ओळखीचं वाटलं. दरवर्षी २४ मे रोजी साँत-मारीत रोमा लोक आपल्या काळ्या संत साराची मूर्ती समुद्रात नेतात. ती मिरवणूक १९३५ साली सुरू झाली ती त्याच्याच खटपटीने. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येकडून निघालेले. मूर्तीला लाटांपर्यंत सोबत करतात ते पांढऱ्या घोड्यांवरचे गार्दियाँ, आणि त्यांच्या अंगातल्या फुलाफुलांच्या सदऱ्यांची नक्षीही मुळात भारतीय छापील सुती कापडावरची. फ्रान्सने हे कापड १६८६ ते १७५९ अशी ७३ वर्षं बंदीत ठेवलं होतं. बंदी उठली आणि नक्षी टिकली.

इथल्या रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, एका दमात सांगतो. १९७० साली मिठागरांतल्या एका उथळ तळ्यात त्यांच्यासाठी मातीचं बेट बांधलं, पक्षी तिथे अंडी घालू लागले १९७४पासून, आणि पुढे वर्षाला दहा हजारांहून अधिक जोड्यांची वीण होऊ लागली. ठाण्याच्या खाडीत आणि भिगवणला येणारा मोठा रोहित याच जातीचा.

शेवटी समुद्र. १८५६च्या महापुरानंतर रोनच्या दोन्ही फाट्यांना आणि समुद्राच्या बाजूलाही बांध घातले गेले. माणसं आणि गुरं सुरक्षित झाली. पण जी नदी दर सेकंदाला दोनशे किलो माती आणते, तिला ती या जमिनीवर टाकायला वाटच उरली नाही. नव्वद टक्के पाणी मोठ्या फाट्याने थेट समुद्रात जातं आणि गाळही त्याच्याबरोबर. जमिनीची उंची वाढणं थांबलं आणि समुद्र मात्र गेल्या शतकभरात वीसेक सेंटीमीटर चढला. मीटरभर उंचीच्या मुलखात वीस सेंटीमीटर म्हणजे पाचवा हिस्सा. किनाऱ्यावरची सुमारे ६,५०० हेक्टर जुनी मिठागरं सरकारी किनारा संस्थेने विकत घेतली आहेत, आणि तिथे समुद्राशी भांडायचं नाही, त्याला आत येऊ द्यायचं, असं धोरण ठरलं आहे. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. पण समुद्र जितका आत येईल तितकी मीठ धुणाऱ्या गोड्या पाण्याची गरज वाढणार, आणि रोनचा उन्हाळी प्रवाह ज्या हिमनद्यांवर अवलंबून आहे त्या वितळून आखडत चालल्या आहेत. चारा घटून जनावरामागे दीड हेक्टरचे पावणेदोन करावे लागले तर अडीचशेच्या कळपाला आणखी साठ-बासष्ट हेक्टर हवेत. ते कुठून आणायचे?

युरोपला जाणार असाल आणि हातात दोन मोकळे दिवस असतील, तर मार्सेयहून आर्लला रेल्वेने तासाभरात पोचता येतं. एप्रिल-मे बरे, उन्हाळ्यात डास फार, पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. किनाऱ्यावरच्या तासाभराच्या घोडेस्वारीवर समाधान मानू नका. जिथे प्रत्यक्ष गुरांचं काम चालतं अशी मनाद शोधा, आधी फोन करून जा, आणि आठवड्यात आखाडा असेल तर कोकार्दचा खेळ बघा. मनादिए भेटीचे पैसे घेतात, ते देताना घासाघीस करू नका. पावणेचार एकराला एक जनावर या हिशोबात मांसाच्या भावावर कळप तगत नाही. आखाड्याच्या कमाईनंतर अनेकांना आधार आहे तो याच पैशांचा.